डावीकडं बसा

जिना चढून जो कुणी वर येई, त्याला ती आधी म्हणायची, "डावीकडं बसा." पाणी नंतर, कोण-कुठले ते त्याच्याही नंतर. गॅसची टाकी आणणारा, विजेच्या मीटरचा आकडा लिहून घेणारा, आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, सगळ्यांना एकच. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. उजवीकडची तिची. डावीकडची येणाऱ्याची. माणूस बुजत बसला की त्याच्या हातात ती दोन्ही हातांनी धरायचं एक काळं यंत्र द्यायची. वरची पोरं त्याला पॅड म्हणत. मग समोरच्या पडद्याकडं बोट करून सांगायची, "आता तुम्ही बैल आहात."

गॅसवाला म्हणाला होता, "ते तर मला घरीबी सांगत्यात."

आमचं घर लातुरात क्लासच्या गल्लीत आहे. तुम्ही इकडं कधी आला असाल तर पाहिलं असेल, खाली घरमालक राहतो आणि वरच्या खोल्या डॉक्टर व्हायला आलेल्या मुलामुलींसाठी बांधलेल्या असतात. आमच्याकडंही बरीच वर्षं मुलीच राहिल्या. एका उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या पडल्या आणि हे तिघं आले. ती, एक नांदेडचा चष्मेवाला मुलगा आणि एक उदगीरचा. मुलं आपापल्या ठिकाणी राहत आणि सकाळी येत. ती मागच्या खोलीत राहायची, पुढच्या खोलीत काम चालायचं.

मालकांनी विचारलं, "कोणत्या क्लासला?"

"क्लास नाही काका. आम्ही गेम बनवतो. दोघांनी मिळून खेळायचा."

मालक खाली येऊन मला म्हणाले, "पोरं गेम खेळू न्हाई म्हणून आईबाप त्यांना इथं आणून टाकतेत, आन आपण बनवणारेच आणून बसवले." पण खोल्या दिल्या. पोरगी बोलायला सरळ होती.

ती देवणीकडच्या एका खेड्यातली. हैदराबादला कंपनीत होती, ती नोकरी सोडून आली होती. अंगानं काडी, केसांत कायम पेन्सिल खोचलेली. जेवायला बसली की भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा आणि ही पडद्याकडं बघत बसायची. कधी गच्चीवर जाऊन एकटीच पाय आपटत चालायची, थांबायची, परत चालायची. समोरच्या घरातल्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या वरच्या पोरीला काही लागलंय का बघा." मी सांगितलं, बैल कसा चालतो ते बघायलीय. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

तिच्या खेळात एक बैलगाडी होती. गाव उठून दुसरीकडं चाललंय आणि एका घराचा संसार त्या गाडीत भरलाय. पेटी, डेरा, पाटा, वर बांधलेली बाज. गाडीला दोन देवणी बैल. डावा काळ्या तोंडाचा, उजवा सगळा पांढरा. एकानं डावा बैल चालवायचा, दुसऱ्यानं उजवा. बटण दाबलं की बैल एक पाऊल उचलतो. दोघांची पावलं एकदम पडली तर जू सरळ राहतं आणि गाडी पुढं जाते. मागंपुढं पडली की जू कलतं, गाडी हिंदकळते आणि एखादं भांडं खाली पडतं. हाकणारा कुणीच नाही.

तिचे वडील एकदा गावाकडून आले तेव्हा हेच म्हणाले. धोतर सावरून डावीकडं बसले, बराच वेळ बघत राहिले. "बैल बरे हायत. हाकणारा कुठंय?"

"हाकणारा नाही बाबा. बैलांनीच ठरवायचं."

"मग जाणार कुठं?"

"तेच तर खेळ आहे ना."

"हं," म्हणाले. उतरताना जिन्यात मी भेटले तर माझ्यापाशी थांबले. "बाई, माझं काही म्हणणं न्हाई. पण कंपनीवाले दिवाळीपतूर वाट बघतो म्हणलेत. तवर हे चाललं तर चाललं. न्हाईतर तिला जावं लागंल. हातची नोकरी दुसऱ्याला गेली की परत कुठं मिळती?"

मी मान हलवली. परक्या माणसाशी एवढंच मला जमतं. पण तेव्हापासून वरच्या खोलीत हसण्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं. चाललंय वाटतं, असं मनात यायचं.

मला तिनं खुर्चीवर कसं बसवलं ते सांगते. मी धपाटे घेऊन वर गेले होते. ती म्हणाली, "काकू, डावीकडं बसा." मी दाराशीच उभी. खोलीत ती दोन पोरं होती, आणि पोरांपुढं खुर्चीवर बसून काही खेळायचं म्हणजे मला कसंसंच झालं. तिनं माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि दोघांना चहा आणायला पिटाळलं. चहाचं सामान घरात होतं. उदगीरचा म्हणालासुद्धा, "अगं, पत्ती हाय की." "संपली," ती म्हणाली. ते गेल्यावर मी बसले.

पहिल्या दिवशी गाडीतलं सगळं सामान रस्त्यावर पडलं. मी घाबरून पॅड खाली ठेवला, मला वाटलं बिघडलं. ती म्हणाली, "काही होत नाही काकू. पडू द्या. परत भरता येतं."

मग रोजचंच झालं. दुपारची भांडी झाली, मालक दुकानावर गेले की मी वर जायची. मी दिसले की पोरं आपणहून चहाला उठायची. आठ-पंधरा दिवसांत मी ओढ्यापर्यंत पोचले. पुढं ओढा ओलांडला. काळ्या मातीचा चिखल, दगडाची चढण, अरुंद बांध. कसं जमत होतं ते मला सांगता येणार नाही. पाऊल उचलावंसं वाटे तेव्हाच तिचंही उचललं जाई. त्या खुर्चीवर मला कुणाशी बोलावं लागत नव्हतं, आणि तरी कुणीतरी सोबत चालतंय असं वाटायचं. असं मला संसारातही फार वेळा वाटलेलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही.

खेळून झालं की ती विचारायची, "कुठं अडलं?"

"कुठंच न्हाई."

मग ती खुर्चीतच गर्रकन वळून पोरांना म्हणायची, "बघा. काकूंना जमतंय, म्हणजे कुणालाही जमेल."

हे वाक्य तिनं कितीदा म्हटलं असेल. वडिलांना फोनवरही म्हणाली. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

नांदेडचा मुलगा कुरकुरायचा. "ताई, आम्हा दोघांचं काही जमून नाही राहिलं. ओढ्यातच पडून राहिलो."

"तुम्ही भांडता."

ते खरंच भांडायचे. "तू आधी उचललास." "तू झोपला होतास." "बैल हाय का रेडा तू?" त्यांचं भांडण खाली स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. त्यामुळं त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. उलट आम्हा दोघींचं फार सहज व्हायला लागलं म्हणून तिनं खेळ आणखी आवळला. पावलं थोडी मागंपुढं पडली तर आधी चालायचं, ते तिनं कमी कमी करत आणलं. "काकू, लई सोपं झालंय. माणसं कंटाळतील." दुसऱ्या दिवशी मी वर जायची आणि आवळलेलंही पार करायची. ती टाळी द्यायला हात पुढं करायची. मला टाळी द्यायची सवय नव्हती, मी तिचा हात नुसता धरायची.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी त्यांनी तो खेळ जगाला विकायला ठेवला. कॉम्प्युटरवर गेम मिळण्याची एक जागा असते, तिथं. उदगीरच्या मुलानं बटण दाबलं, नांदेडच्यानं पेढे वाटले. मालकही पेढा खाऊन म्हणाले, "आता आमच्या घराला पाटी लावा."

चार-पाच दिवस गेले. वरून हसण्याचा आवाज येईना. मी पोळ्या घेऊन गेले तेव्हा चष्मेवाला लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवत होता. ते इंग्रजीत होतं, माझ्यासाठी तो मराठीत सांगत होता. पहिल्या ओढ्यापाशीच गाडी उलटते. चित्रं सुंदर, पण चालता येत नाही. बायकोशी भांडण झालं, खेळ काढून टाकला. एकानं लिहिलं होतं, हा बनवणाऱ्यांनी स्वतः खेळून तरी पाहिलाय का?

"रोज पाहतो बाबा," ती म्हणाली आणि हसली. मग हसली नाही.

त्या आठवड्यात ती कुणालाच बसा म्हणाली नाही. मला मात्र बोलावलं. "काकू, या. लोक कुठं अडतात ते बघू."

आम्ही चालायला लागलो. ओढा आला, गेला. चढण आली, गेली. मला लाज वाटायला लागली. सगळं गाव उपाशी असताना आपण ढेकर द्यावी, तसं. बांधावर मी मुद्दाम पाऊल उशिरा टाकलं. गाडी कलली, पेटी पडली.

ती पडद्याकडंच बघत म्हणाली, "काकू, मुद्दाम नका."

तिला कसं कळलं, ते मी विचारलं नाही.

खरं काय ते त्यानंतर दोन-तीन दिवसांनी कळलं. मी कणीक मळत होते. तिनं वरून हाक मारली. मी हात पुसले आणि तशीच गेले. पोरं बाजूलाच होती, पण तोवर मला त्यांची सवय झाली होती. बसले, पॅड घेतला, चाललो. दुसऱ्याच पावलाला गाडी हिंदकळली. परत लावलं. परत पडलं. ओढा तर लांबच, आम्हाला वेशीबाहेर जाता येईना.

"मशीनचं काही आहे का बघ रे," ती म्हणाली.

नांदेडच्यानं पाहिलं. "मशीन ठीक आहे."

आणखी एकदा. पाटा पडला, डेरा पडला. मी म्हणाले, "माझ्या हाताला पीठ हाय, त्यानं काही झालं का?" तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मळताना मी बांगड्या वर कोपराकडं सारल्या होत्या, त्या तशाच राहिल्या होत्या.

"काकू, बांगड्या खाली करा."

मी केल्या. आम्ही चाललो. वेस, ओढा, चिखल, सगळं पाण्यासारखं.

"आता वर करा."

मी वर सारल्या. पुन्हा वेशीपाशीच गाडी उलटली.

मग तिनं पॅड मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "मी बघत नव्हते रे. मी ऐकत होते."

तुम्हाला समजलं असेल. बटण दाबायच्या आधी माझं मनगट जरा वळायचं आणि काचेच्या बांगड्या वाजायच्या. त्या आवाजावर ती पाऊल उचलत होती. मीही डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचा गुडघा बघत असे. तो हलला की माझं बोट हले. इतके महिने आम्ही दोघी अशाच चाललो होतो आणि आम्हा दोघींनाही ते माहीत नव्हतं. पावलं जुळायला खेळात आधार असा काही नव्हताच. जे होतं ते त्या दोन खुर्च्यांच्या मधे होतं. दूरच्या शहरात आपापल्या घरी बसून खेळणाऱ्या माणसाला ना बांगडी ऐकू येणार, ना गुडघा दिसणार.

उदगीरचा मुलगा म्हणाला, "म्हणजे आमचं भांडण बरोबर होतं." त्याला वाटलं कुणी हसेल.

ती मला म्हणाली, "काकू, आता तुम्ही नका बसू काही दिवस. म्हणजे… रागावू नका. तुम्ही बसलात की मला खरं कळत नाही." बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती, टेबलावरचं पीठ बोटानं गोळा करत होती. मी म्हणाले, "न्हाई गं, रागवायचं काय त्यात," आणि खाली येऊन राहिलेली कणीक मळली.

रात्री मालकांना सांगितलं. ते हसले. "बघ, तुझ्या बांगड्यांनी पोरीचा धंदा बुडवला." ते बोलले आणि पंखा मोठा करून झोपले. त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनातून मात्र ते वाक्य हलेना. मी स्वतःला विचारायची, यात माझं काय? मला चालता आलं, एवढंच. चालता येणं हा काही गुन्हा आहे का? पण तिचे वडील जिन्यात उभे राहून जे बोलले होते ते मला आठवायचं. मी जरा ढ असते, रोज पडले असते, रोज म्हणाले असते, बाई मला काही जमत नाही, तर तिनं खेळ वेळेत सैल केला असता. मला जमलं आणि त्या जमण्यानं मी तिला फसवलं. कुणी विचारलं तर हे सिद्ध करता येणार नाही, आणि कुणी विचारतही नाही.

मग वर गल्लीतल्या मुली जायला लागल्या. क्लास सुटला की पाठीवर पिशव्या घेऊनच जिना चढायच्या. ओळखीच्या नसलेल्या दोघीदोघींना ती शेजारी बसवायची, मधे पुठ्ठा उभा करायची म्हणजे एकमेकींचा हात दिसणार नाही. मला खालून सगळं ऐकू येई. पडलं की त्या ओरडायच्या, हसायच्या. ती मागं उभी राहून विचारायची, "कुठं अडलं?" त्या सांगायच्या, भडाभडा सांगायच्या. मी भाजी निवडत ऐकायची. वर काही न्यायचं असलं तर जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून हाक मारायची आणि खाली यायची. जिन्यात समोरासमोर आलोच तर ती थांबायची. "काकू, जेवलात?" "हाव. तू?" "हो." असं बोलून दोघी वाट द्यायला एकाच बाजूला सरकायचो.

उदगीरचा मुलगा मनानं साधा. एकदा पाण्याची बाटली भरायला खाली आला तेव्हा बोलून गेला. बैलानं पाऊल उचलायच्या आधी त्याच्या गळ्यातली घंटी वाजेल, असं त्यांनी आता केलं होतं. दुसऱ्याला ती ऐकू येते आणि पाय जुळतो. "मी म्हणलो, ताई, घंटीपेक्षा काकूच्या बांगड्यांचाच आवाज घेऊ की. तर म्हणली, नको, काकूंचं काही नको त्यात."

त्याची बाटली भरली. मी नळ बंद केला. तो गेल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. तिला माझा राग आला असेल तर तो बरोबरच आहे असं वाटलं. आणि राग नसेल, मला पुन्हा बोल लागू नये म्हणून ती तसं म्हणाली असेल, तर ते त्याहून जड होतं. यातलं कोणतं खरं ते मला आजही माहीत नाही.

घंटी लागली, पावलं सैल झाली आणि खेळ चालायला लागला. सोडून गेलेल्यांपैकी थोडे परत आले. कुणी लिहिलं, भावाशी दोन वर्षं बोलत नव्हतो, काल ओढा ओलांडला. चष्मेवाल्यानं ते मला जिन्यातूनच वाचून दाखवलं. पण सुरुवातीला जी गर्दी येते ती येऊन गेली होती. दिवाळी झाली होती. कंपनीवाल्यांचा फोन आला होता. तिनं हो म्हटलं. पोरं खेळ सांभाळणार होती, ती हैदराबादहून जमेल तेवढं बघणार होती. चष्मेवाला पायऱ्या उतरताना स्वतःशीच म्हणाला, "पंधरा दिवस आधी कळलं असतं, बस." मी दारामागं होते, त्याला दिसले नाही.

ती निघाली त्या दुपारी तिचे वडील गावातली जीप घेऊन आले. उदगीरवरून तिची रेल्वे होती. पोरं सामान खाली नेत होती. मी वाटेत खायला भाकरी-चटणी बांधून वर गेले आणि दाराशी उभी राहिले. गादी गुंडाळली होती, भिंतीवरची बैलांची चित्रं काढली होती. टेबल आणि ते दोन पॅड मात्र पोरांसाठी ठेवले होते.

"काकू," ती म्हणाली, "शेवट तुम्ही पाहिलाच नाही. नवा केलाय. चालायचं?"

"मी बसू?"

"आता बसा. आता काय होतंय."

मी बसले. तिनं अगदी शेवटचा रस्ता लावला. आम्ही चाललो. घंटी वाजत होती, पण ती घंटी ऐकत होती की दुसरं काही, हे मी विचारलं नाही. मधेच म्हणाले, "पोरी, माझ्यामुळं तुझं…"

"काकू, बांध आलाय. पुढं बघा."

बांध ओलांडला. नवं गाव आलं. पत्र्याची घरं, एक लिंबाचं लहानसं झाड, हौद. गाडी थांबली. मग जू आपोआप वर उचललं गेलं आणि बाजूला झालं. दोन्ही बैल मोकळे.

"आता एकत्र चालायची गरज नाही," ती म्हणाली. "आता वाटेल तिकडं जाता येतं. बघा दाबून."

खालून वडिलांनी हाक दिली. "ए बाई, चल की. रेल्वे काय आपली सोयरी हाय का थांबायला?"

ती उठली. पॅड खुर्चीवर ठेवला आणि वाकून माझ्या पाया पडली. माझे दोन्ही हात पॅडवर होते. तो कुठं ठेवायचा ते सुचेपर्यंत ती उठलीही होती, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायचा राहून गेला. भाकरीचं गाठोडं घेऊन ती जिना उतरली. जीप वळल्याचा आवाज आला, मग कोपऱ्यावरचा, मग नाही.

पडद्यावर हौदापाशी तिचा पांढरा बैल उभा होता. मधूनमधून कान हलवत होता. माझा त्याच्या शेजारी, अगदी जवळ. बटण दाबलं असतं तर माझा चालला असता. त्या झाडाकडं गेला असता, पाणी प्यायला असता, तिनं खेळात तशी सोय केली होती. मी बोट उचलून घेतलं. ते यंत्र बंद कसं करतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून पोरं तिला निरोप देऊन वर येईपर्यंत मी तिथंच बसून राहिले, आणि माझा बैल मी हलवला नाही.